आवाजाआधीची दचक

१

ज्या पोरीच्या एकाही गोळीला कधी काळा ठिपका सापडला नव्हता, तिची गोळी शनिवारी सकाळी ठिपक्याच्या मधोमध शिरली. आणि त्या खोलीत त्या दिवशी गोळी असायलाच नको होती.

मला हे तिच्या आईच्या, विमलाबाईंच्या फोनवरून कळलं. फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला, मग त्या म्हणाल्या, "बाय, आमचे रुचितानी मास्तरला गोली मारली असा पोलीस बोलतान. तिनी काय केला नाय. तू ये."

डोंबिवलीत मानपाडा रोडवर खाली झेरॉक्सचं दुकान आहे आणि वर माझी पाटी: योगिनी कर्णिक, खाजगी तपास. पाटी भारदस्त आहे, कामं तशी नसतात. बहुतेक वेळा लग्नाच्या चौकशा. मुलगा पितो का, आधीचं काही आहे का, पगार सांगतो तेवढाच आहे का. गेल्या वर्षी मानपाड्याच्या एका नवऱ्यामुलाच्या बायोडेटात ‘पिस्तूल प्रशिक्षित अंगरक्षक’ असं लिहिलेलं होतं. सर्टिफिकेटवर ढालीचं सोनेरी चित्रसुद्धा होतं. मी दोन प्रश्न विचारले तर गडी हसायलाच लागला. "मॅडम, मी तिकडे एकदाही गेलेलो नाही. कुरिअरने आलं." मुलीच्या आईला मी कळवलं, मुलगा खोटं बोलतो, पण विचारलं की खरं सांगतो. लग्न झालं. सुखात आहेत म्हणे.

पण पिस्तूल, गोळी, रक्त हे आपलं खातं नव्हे. तरी मी निघाले, कारण रुचिता. कोलशेतला कोळीवाड्यात मी भाड्याने राहत होते तेव्हा ही पोर माझ्या उंबऱ्यावर बसून जवळा निवडायची आणि माझ्या मांजरीला अर्धा खाऊ घालायची. आता ती पंचविशीची. बायकांना सोबत करणारी अंगरक्षक व्हायचं, असं तिने ठरवलं होतं. नोकरी जवळजवळ हातात होती. फक्त शेवटची परीक्षा राहिली होती.

रविवारी मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा दारात महिला पोलीस शिपाई बसली होती. आत रुचिता पलंगावर. उजवा हात तिने मांडीखाली दाबून धरला होता, दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा.

"मावशी," ती म्हणाली, "मी चाप दाबला. ‘टक्’ व्हायला पाहिजे होतं. फक्त टक्."

"आणि?"

"सर स्टुलावरून खाली पडले." तिने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, ते कोणीतरी मुद्दाम केलंय. जो कोणी असेल, तो माझ्या मागेच उभा होता."

२

कोलशेतच्या खाडीजवळ एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये ती संस्था होती. परवाना असलेले सोनार, बिल्डरांचे पुतणे, सुरक्षारक्षक असे लोक तिथे पिस्तूल चालवायला शिकायचे. फाटकाला पोलिसांचं सील होतं. आतल्या पटांगणात मालकाची पांढरी गाडी धूळ खात उभी होती, कारण इन्स्पेक्टर सरस्वती ठोंबरे यांनी शनिवारी कोणालाच गाडी बाहेर नेऊ दिली नव्हती.

सरस्वतीबाईंची आणि माझी जुनी ओळख. त्यांच्या भाचीचं एक स्थळ मी वेळीच मोडलं होतं.

"योगिनीताई, बघायचं ते बघा, पण हात लावू नका," त्या म्हणाल्या. "आणि आशा ठेवू नका. उद्या संध्याकाळी मला तिला अटक करावी लागणार आहे. वरून फोन सुरू झालेत."

वाटेतल्या भिंतीवर प्रत्येक विद्यार्थ्याचे गोळ्या झाडलेले कागद टाचलेले होते. खाली नावं. दिपेश नावाच्या मुलाची भोकं ठिपक्याभोवती दाट. रुचिताच्या कागदांवर ठिपका कोरा करकरीत, आणि सगळी भोकं खाली डावीकडे. कागदामागून कागद, खाली डावीकडे. बघून माझाच हात ओशाळला.

"हिला जन्मात जमलं नसतं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "शुक्रवारी सुभेदारांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तुला पास करणार नाही. ही म्हणाली, बघालच तुम्ही. शनिवारी हे."

सुभेदार म्हणजे दामाजी शेलार. सैन्यातून निवृत्त, मूळचे साताऱ्याकडचे, बायको गेलेली, मुलगा सैन्यात लांब कुठे तरी. शिकवण्याचं काम तेच करायचे.

मग ती खोली. कोऱ्या सरावाची. इथे खरी गोळी आणायचीच नाही. नारिंगी प्लास्टिकची खोटी काडतुसं पिस्तुलाच्या मुठीत सरकणाऱ्या मॅगझिनमध्ये भरायची आणि नुसता चाप दाबायचा. समोर विटांची भिंत, भिंतीवर काळा ठिपका, आणि ठिपक्याच्या खाली, आपल्या डाव्या हाताला, एक लाकडी स्टूल. स्टूल आडवं पडलेलं. फरशीवर तपकिरी डाग.

"सुभेदार इथे बसायचे?" मी स्टुलाकडे बोट केलं. "पिस्तुलासमोर?"

"नळी खाली झुकते का, ते समोरूनच दिसतं म्हणायचे. पुस्तकात बसत नाही हे. पण मॅगझिन स्वतः तपासायचे आणि मग बसायचे. वर्षानुवर्षं."

ठिपक्याच्या बरोबर मध्यावर भोक होतं. गोळी विटेवर फुटली, तिचा तुकडा उलटून सुभेदारांच्या डाव्या कानशिलात घुसला. अजून शुद्ध नव्हती.

तेवढ्या शांत खोलीत मी त्या ठिपक्यासमोर उभी राहिले आणि मागे वळून पाहायची मला हिंमत होईना. रुचिताने सांगितलं होतं तसंच, तिथे मागे कोणीतरी उभं होतं. आणि ते अजून मोकळं फिरत होतं.

बाहेर पडताना फाटकावर नजर गेली. पाटीवर ढालीचं सोनेरी चित्र होतं.

३

शनिवारी काय झालं ते मी चौघांकडून ऐकलं, आणि चौघांचंही जुळत होतं. जुळतं तेव्हाच मला काळजी वाटते.

सराव असा चालायचा. जोडीदाराने मॅगझिन भरायचं. ज्याने झाडायचं त्याने ते बघायचं नाही. पिस्तूल हातात घेतलं की नजर समोर. मॅगझिन आत सरकवतानासुद्धा खाली पाहिलं तर सुभेदारांची छडी टेबलावर आपटायची. "मारेकरी काय तुझ्या मॅगझिनमध्ये बसलाय का? समोर बघ!" शनिवारी मॅगझिनं भरली, सुभेदारांनी तपासली, नावाच्या पट्ट्या लावून टेबलावर ठेवली, वर पांढरं फडकं टाकलं. मग सगळे चहाला पटांगणात गेले. परत आल्यावर पहिली पाळी रुचिताची.

म्हणजे चहाच्या वेळात कोणीतरी तिचं मॅगझिन बदललं. वर एक जिवंत काडतूस असलेलं दुसरं तिथे ठेवलं. तिने खाली बघायचंच नव्हतं, म्हणून तिला दिसलं नाही. पोलिसांच्या मते ते तिनेच ठेवलं.

रुचिताचा जोडीदार दिपेश मढवी. मानपाड्याच्या कंपन्यांच्या भागात चहाच्या टपरीवर भेटला. डोळे लाल.

"मॅडम, मी भरलेलं. सगळी नारिंगीच होती. आईशप्पथ."

"चहाच्या वेळी आत गेला होतास?"

"चार्जर राहिलेला, तो घ्यायला." तो चपापला. "पोलिसांना मी हे बोललो नाही. त्या नोकरीसाठी आम्ही दोघं होतो ना. ती गेली की मी. लोक तेच बोलणार."

"मग आता का सांगतोस?"

"काल रात्री झोपच नाही लागली, यार." मग जीभ चावून, "सॉरी, मॅडम."

शस्त्रांच्या कपाटाची एक चावी मायाकडे असते; ती तिथलं सामान सांभाळते आणि अधूनमधून स्वतःही नेम धरते. ती मला शेडच्या बाहेर, फाटकापाशीच भेटली. तिचा नवरा दगडू तिथला वॉचमन. महिन्याभरापूर्वी दारू पिऊन आला म्हणून सुभेदारांनी त्याला आठवडाभर घरी बसवलं होतं.

"म्हणून मी माणूस मारीन?" माया फणकारली. "अहो, ह्यांना घरी बसवलं तेव्हा मीच पेढे वाटणार होते. आठवडाभर शुद्धीत तरी होते."

दगडूने मान खाली घातली. "ताई, ही अशीच बोलती."

"चहाच्या वेळी आत कोण कोण गेलं?"

"मी कप आणायला," माया म्हणाली. "दिपेश. आणि मालक, कॅमेरा कुठे लावायचा ते बघायला. दुसरी चावी त्यांच्याकडेच असते. त्यांचं आणि सरांचं परवा दार लावून जोरात वाजलं होतं. कशावरून, ते नाही कळलं. सर एवढंच ओरडले, ‘माझ्या नावानं नाही चालणार!’"

"आणि तुम्ही कुठे होतात, दगडूभाऊ?"

"मी काय, सकाळपासून हमाली. कप उचल, खुर्च्या लाव, मालकांच्या स्टँडची पिशवी गाडीत नेऊन ठेव. गोळीचा आवाज आला तेव्हा फाटकात होतो."

मालक मितेश गडकर. त्याला भेटायला मी घोडबंदर रोडच्या त्या खाजगी हॉस्पिटलात गेले, कारण तो सुभेदारांच्या खोलीबाहेरून हलायला तयार नव्हता. पस्तिशीतला, दाढी कोरलेली, आवाज मऊ. त्याने मला पाणी आणून दिलं, बसायला जागा दिली. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मला तो आवडला. तशी मला बरीच माणसं आवडतात, म्हणून तर धंदा चालत नाही.

"रुचितावर राग नाही माझा," तो म्हणाला. "पोर घाबरट आहे. तिचे कागद पाहिलेत ना? खाली डावीकडे. नेहमी. आणि सर नेमके खाली डावीकडे बसलेले. नशीब बघा, आयुष्यात पहिल्यांदा तिचा नेम लागला, म्हणून सर वाचले."

"तुम्ही नेम कसा धरता?"

तो हसला. "मी? मी मार्केटिंगवाला माणूस. आवाजच सहन होत नाही. आयुष्यात कधी चाप दाबलेला नाही." मग त्याने मोबाईल काढला. "व्हिडिओ पाहिलात? आमच्या पेजसाठी मी रील करत होतो. पोलिसांना मीच दिला. स्टँडचा पाय मोडलेला, म्हणून हातातच धरला."

निघताना म्हणाला, "सरांपाशी उद्याही मीच बसतो. नर्सला सांगून ठेवलंय, दुसऱ्या कोणाला आत सोडायचं नाही. काय सांगावं, ज्याने केलं तो इथेही येईल."

त्याची काळजी रास्त होती. सुभेदार शुद्धीवर येऊ नयेत असं कोणाला तरी वाटत असणारच.

४

सोमवारी सकाळी पुन्हा कोलशेत. विमलाबाईंनी बोंबलाचं कालवण केलं होतं आणि ते कोणीच खात नव्हतं.

"खा गं," त्या लेकीला म्हणाल्या. "तुरुंगान कोण देईल असा?"

"आये!"

"मंग काय बोलू? मना दुसरा काय येतं?" आणि त्या पदरात तोंड घालून रडल्या.

मी व्हिडिओ लावला. पाठी दिसत होत्या. रुचिताची पाठ, एका बाजूला दिपेश, दारात माया. पलीकडे भिंत आणि स्टुलावर सुभेदार. हुकूम आला, "दाब!" धाडकन आवाज. दिपेश उडाला, मायाच्या हातातले कप फुटले, सुभेदार कोसळले. एकूणएक माणूस दचकलं ते आवाजानंतर.

"तू आवाजाआधी दचकतेस ना?" मी रुचिताला विचारलं. "सुभेदार काय म्हणायचे?"

"सर म्हणायचे, गोळी तुला मारत नाही पोरी, तुझी वाट बघणं मारतंय. धमाका होणार हे माहीत असतं, म्हणून अंग आधीच आखडतं आणि नळी खाली डावीकडे जाते. चाप लिंबाचा थेंब काढावा तसा दाबायचा. आवाज कधी होणार, ते आपलं आपल्यालाही कळता कामा नये."

"आणि खोट्या काडतुसांनी?"

"तेव्हा नळी हलत नाही. तेव्हा सगळं नीट असतं." ती कडवट हसली. "खोटी गोळी मला मस्त मारता येते, मावशी."

हातातला पाव मी ताटात ठेवला.

"रुचिता, परवाची गोळी कुठे लागली?"

"ठिपक्यात."

"मधोमध. म्हणजे तुझं अंग आखडलं नाही. आत जिवंत काडतूस आहे हे तुला ठाऊक असतं, तर ती गोळी खाली डावीकडे गेली असती. सुभेदारांच्या छातीत." माझा आवाज मला लांबून येत असल्यासारखा वाटला. "बाई, तुझा नेम लागला हाच तुझा निर्दोषपणा."

विमलाबाई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. रुचिताने मांडीखालचा हात हळूच बाहेर काढला. बोटांवर पलंगाच्या विणीचे वळ उठले होते.

मग दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात आली, आणि ती काही सुखाची नव्हती. ज्याने काडतूस ठेवलं, त्याने हेच गणित मांडलं होतं. रुचिता म्हणजे खाली डावीकडे. सुभेदार म्हणजे खाली डावीकडे. फक्त त्याला हे कळलं नव्हतं की दचक हाताची नसते, माहिती असण्याची असते. चाप दाबलेल्या कोणालाही हे कळलं असतं. दिपेशला, मायाला. ज्याने आयुष्यात कधी चाप दाबला नाही, फक्त भिंतीवरचे कागद पाहिले, त्यालाच नाही.

"ह्या लोकांचे जुने व्हिडिओ दाखव," मी म्हणाले.

रुचिताने संस्थेचं पेज उघडलं. एकापाठोपाठ एक रील. कोऱ्या सरावातली सगळी समोरून घेतलेली. चेहरे, डोळे, पिस्तुलाची नळी. कॅमेरा कायम सुभेदारांच्या शेजारी स्टँडवर. आणि ह्याच एका दिवशी पाठी. जाहिरातीत पाठी कोण दाखवतं? ज्याला समोर मोबाईल ठेवायचा नाही तो. जो समोर जाणारच नाही तो.

मी परवाचा व्हिडिओ आवाज बंद करून लावला. माणसांकडे पाहिलंच नाही. भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. हळू करून, पुन्हा पुन्हा.

सुभेदारांचा हात हुकमासाठी खाली आला. ट्यूबलाइट एकदम वर उडाली. सगळं चित्र हललं. आणि त्यानंतर, पापणी लवेल इतक्या अवकाशाने, पिस्तुलाच्या तोंडाशी ठिणगी दिसली.

खोलीतली सगळी माणसं नंतर दचकली होती. चित्र आधी दचकलं होतं.

"मावशी, काय झालं? कुठे निघालीस?"

मी चपला शोधत होते. "रुचिता, सुभेदारांपाशी आत्ता कोण बसलंय?"

५

घोडबंदर रोडला सोमवारच्या गाड्या चिकटलेल्या होत्या. रिक्षात बसून मी सरस्वतीबाईंना फोन केला. त्या आधी चिडल्या, मग ऐकून घेऊ लागल्या.

"आणि मालकाची गाडी उघडा," मी ओरडून सांगितलं. "तुमच्या सीलच्या आतच आहे. स्टँडची पिशवी बघा. तुम्ही यायच्या आधी तिथून एकच वस्तू बाहेर गेली, ती पिशवी."

"मी कापूरबावडीला अडकलेय, ताई. गाडी माझी माणसं उघडतील. तुम्ही त्या खोलीत एकट्या जाऊ नका."

"भाऊ," मी रिक्षावाल्याला म्हटलं, "फुटपाथवरून घ्या."

"मॅडम, पावती तुमच्या नावाने फाडू का?"

"फाडा."

हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर फिनेलचा वास होता. नर्स जागेवर नव्हती. दार लोटलेलं. आत पडदे ओढलेले, आणि सुभेदारांच्या उशाशी मितेश मोसंबी सोलत बसला होता. हातात छोटा चाकू.

सुभेदारांची छाती वरखाली होत होती. मी तेवढंच पाहिलं आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढली.

"नर्सला चहाला पाठवलं," तो म्हणाला. "बिचारी दमलेली. खाणार?"

"द्या ना."

त्याने फोड पुढे केली. मी ती घेतली. त्यातली अर्धी तोंडात टाकण्याची हिंमत मला आजही आठवते.

"मितेशभाऊ, स्टँडचा कोणता पाय मोडला?"

चाकू थांबला. "म्हणजे?"

"नाही, मी उगाच विचार करतेय. स्टँड शाबूत असता तर मोबाईल समोर, सुभेदारांपाशी लागला असता. आणि तुम्हाला तो तिथे नको होता. तिथे गोळी येणार होती."

"काहीतरीच."

"मग तुम्ही तो हातात धरला. स्टँड दचकत नाही, भाऊ. हात दचकतो. तुमचा व्हिडिओ आवाजाआधी हललाय. त्या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं की आता ‘टक्’ होणार नाही."

तो हसला, पण फक्त तोंडाने. "हात हलला म्हणून खुनी? कोर्ट हसेल."

"हसेल. म्हणून मी स्टँडचं विचारलं. रुचिताचं खरं मॅगझिन, नारिंगी काडतुसांचं, तुम्ही फडक्याखालून काढून स्टँडच्या पिशवीत टाकलंत आणि दगडूभाऊंकडून गाडीत ठेवून घेतलंत. संध्याकाळी खाडीत गेलं असतं. पण पोलिसांनी गाडीच अडकवली. तुमचा पुरावा शनिवारपासून पोलिसांच्याच कुलपात आहे."

माझा फोन थरथरला. सरस्वतीबाईंचा मेसेज. मी तो मोठ्याने वाचला, कारण गप्प बसले असते तर दात वाजलेले ऐकू आले असते. "‘स्टँड ठणठणीत. आत मॅगझिन. नारिंगी.’"

मोसंबी खाली घरंगळली. चाकू त्याच्या मुठीत राहिला. तो माझ्याकडे बघत नव्हता. सुभेदारांच्या गळ्याकडे बघत होता.

"मी त्याला सांगितलं होतं," तो कुजबुजला. "सर्टिफिकेटवर नुसती सही कर. शिकायला वेळ नसतो लोकांना. त्यांना कागद हवा असतो. हा म्हातारा म्हणे कमिशनर ऑफिसला जातो. न शिकलेल्याच्या हातात पिस्तूल देणं म्हणजे खून आहे म्हणे."

मला मानपाड्याचा तो नवरामुलगा आठवला, कुरिअर, सोनेरी ढाल. किती जणांच्या कमरेला पिस्तूल असेल, आणि हातात नुसता कागद.

मितेश उठला. मी पण उठले. आमच्या मध्ये पांढरी चादर आणि एक बेशुद्ध माणूस, आणि माझ्या हातात अर्धी फोड.

"चाकू खाली!"

आवाज पलंगावरून आला होता. खरखरीत, पण कवायतीच्या मैदानावरचा. मितेश असा उडाला की चाकू फरशीवर आपटला. मी पायाने तो पलंगाखाली ढकलला.

ह्या वेळी मात्र तो आवाजानंतर दचकला. ह्या वेळी त्याला ठाऊक नव्हतं.

सुभेदारांचा पट्टीबाहेरचा एक डोळा उघडा होता. "पोरीचं नाव आलं तेव्हापासून ऐकतोय," ते पुटपुटले. "मॅडम, लई बोलता तुम्ही. पण बोलत राहिलात ते बरं केलंत."

जिन्यावर बुटांचे आवाज आले, आणि मी त्या खुर्चीत पुन्हा बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

६

शेड पुन्हा सुरू झालं तेव्हा सरकारी देखरेख होती आणि सोनेरी ढाल काढून टाकली होती. कोऱ्या सरावाच्या खोलीतलं स्टूल आता झाडणाऱ्याच्या मागे असतं. सुभेदारांचा डावा डोळा अधू झाला. "समोर बसून जे दिसत होतं, ते आता मागनं ऐकतो," म्हणतात.

रुचिताच्या परीक्षेला तिने मला बोलावलं. विमलाबाई आल्या नाहीत. त्या खाडीकाठी देवळात बसल्या होत्या, आणि नेम लागला तर फोन कर, नाय लागला तर नको करू, असं बजावलं होतं.

त्या दिवशी खऱ्या रेंजवर. मॅगझिन मायाने भरलं, काही खोटी काडतुसं, काही जिवंत. कोणतं कधी, ते फक्त मायाला माहीत. रुचिताने पिस्तूल घेतलं. गेल्या काही आठवड्यांत ती रात्री त्या आवाजाने उठून बसायची. विमलाबाई तिचा उजवा हात धरून झोपायच्या.

"नाही जमणार, सर," ती म्हणाली. "आता तर नाहीच. कधी गोळी येईल, कधी नाही."

सुभेदार तिच्या खांद्यामागे उभे होते. "कोणाला माहीत असतं, पोरी? ज्याला माहीत होतं त्याचा हात बघितलास ना? तुझी गोळी तर ठिपक्यात गेली होती."

तिने समोर बघितलं. मॅगझिन आत सरकवलं, पण त्याआधी, हळूच, तिने खाली पाहिलं. मॅगझिनकडे. सुभेदारांची छडी उचलली गेली, आणि आपटायच्या ऐवजी तशीच खाली आली.

"बघितलंस?" ते म्हणाले. "ठीक. आता समोर."

मी कानांवर हात ठेवले. मग डोळे मिटले. मग खांदे वर गेले, पोट आत गेलं, अख्ख्या अंगाची मूठ वळली, आणि अजून काहीच झालं नव्हतं.

शेजारून माया कुजबुजली, "ताई, तुम्ही कशाला दचकताय? बघा तरी."

मी एक डोळा उघडला.

पिस्तुलाची नळी हवेत ठेवून दिल्यासारखी स्थिर होती.